वीज गेली-आली की यूएसबी डिस्क गायब, आणि एनव्हीएमई विनाकारण भरलेली: घरच्या सर्व्हरचं नेमकं काय चुकतंय?

सह्यकडा

नमस्कार. आधी जोडणी सांगतो, मग तक्रारी.

ऑफिसातून निघालेला एक लिटरचा मिनी पीसी आहे: आय५-८५००टी, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एनव्हीएमई (पीसीच्या आतली डिस्क), त्यावर डेबियन १२ (लिनक्स). फोटोंसाठी इमिच आणि घरातल्या लॅपटॉपसाठी सांबा, दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या वेगळ्या कंटेनरमध्ये. २ टीबीच्या दोन अडीच इंची पोर्टेबल डिस्क चार पोर्टच्या यूएसबी ३ हबला लावल्या आहेत. हबला वेगळा अडॅप्टर नाही. पहिल्या डिस्कवर मूळ माल, दुसरीवर रोज रात्री २ वाजता आरसिंकने (दोन फोल्डर जुळवणारा प्रोग्रॅम) नक्कल. पीसी, राउटर सगळं घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर, बॅटरी १५० एएच.

एक: रात्री नक्कल सुरू झाली की लगेच, नाहीतर १०-१५ मिनिटांत, दोनपैकी एक डिस्क नाहीशी होते. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या हार्डवेअर-नोंदी) आधी 'यूएएस एरर हँडलर'च्या ओळी, मग 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस' पाच-सहा वेळा, मग इनपुट-आउटपुट एरर. दिवसभर फोटो बघताना काही होत नाही.

दोन: वीज जाऊन इन्व्हर्टर लागतो त्या क्षणी कधी पीसी टिकतो पण डिस्क जातात, तर कधी पीसीच रीस्टार्ट होतो. उठल्यावर एसडीए आणि एसडीबी या लिनक्सने डिस्कना दिलेल्या नावांची अदलाबदल झालेली असते. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरावर जोडायची, म्हणजे माउंट करायची, ती यादी) हीच नावं लिहिली आहेत.

तीन: एनव्हीएमई १०० टक्के भरली. डीएफ (पूर्ण डिस्कची जागा सांगणारी आज्ञा) म्हणतं जागा शिल्लक नाही. डीयूने (फोल्डरांतल्या फाइली मोजणारी आज्ञा) मोजलं तर जेमतेम ६० जीबी.

चार: इन्व्हर्टर पूर्ण उतरल्यावर वीज आली, तरी पीसी आपोआप सुरू होत नाही. बायोसमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस'ला 'पॉवर ऑन' केलं होतं.

स्मार्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदी) दोन्ही डिस्कचे ५, १९७, १९८, म्हणजे खराब जागांचे आकडे, शून्य. १९९ (डेटा नेण्यातल्या चुका) पण शून्य, म्हणून केबल चांगली आहे असं धरून चाललोय. डिस्क गेल्या समजायच्या का? यूपीएस घेऊ का?

मध्यरात्रीचा क्रॉन

बाकी उत्तरं नंतर वाचा. आत्ता क्रॉनमधली (ठरल्या वेळी कामं चालवणारी यादी) आरसिंकची ओळ बंद करा आणि त्यात '--डिलीट' आहे का ते बघा.

असेल तर धोका असा. नावं बदलतात आणि एफएसटॅबमध्ये तीच नावं आहेत, म्हणजे एखाद्या रात्री नकलेची डिस्क मूळ जागी माउंट होणार आणि मूळ डिस्क नकलेच्या जागी. आरसिंक सांगितलेलं काम इमानदारीत करेल: जुन्या नकलेवरून मूळ डिस्कवर, आणि शेवटच्या नकलेनंतर आलेले फोटो '--डिलीट' पुसून टाकेल. दुसरा धोका त्याहून वाईट. पहिली डिस्क माउंटच झाली नाही तर स्रोत म्हणून रिकामा फोल्डर मिळतो, आणि रिकाम्या फोल्डरशी जुळवून घ्यायचं म्हणजे नक्कल साफ करायची.

ब्लकआयडी चालवा, दोन्ही विभाजनांचे यूयूआयडी (न बदलणारे ओळख-क्रमांक) घ्या आणि एफएसटॅबमध्ये एसडीए-एसडीबीच्या जागी ते लिहा. पर्यायांत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०' टाका, म्हणजे डिस्क नसेल तर बूट अडून बसणार नाही. पण 'नोफेल' टाकलं की डिस्क नसतानाही सगळं सुरळीत दिसतं. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही जागांसाठी 'माउंटपॉइंट -क्यू' ची तपासणी हवीच. एकही नापास झाली तर तिथेच थांबायचं. शिवाय दोन्ही डिस्कवर वेगवेगळ्या नावाची एकेक खूण-फाइल ठेवा, मूळवर 'मी-मूळ', नकलेवर 'मी-नक्कल', आणि त्या योग्य जागी दिसल्या तरच पुढे जायचं. (इमिचही आपल्या फोल्डरांत अशीच लपलेली फाइल ठेवतं आणि ती दिसली नाही तर सुरूच होत नाही. म्हणून फोटो वाचले असणार.) '--मॅक्स-डिलीट=२००' सारखी मर्यादाही घाला.

आता तुमची तिसरी तक्रार, ती याच रोगाची. दुसरी डिस्क गळाली असताना आरसिंकने माउंटच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे खुद्द एनव्हीएमईवर, नक्कल केली. नंतर डिस्क त्याच फोल्डरावर माउंट झाली आणि खालचा माल झाकला गेला. डीयूला वरची डिस्क दिसते, खालचं काही दिसत नाही. डीएफ मात्र जागा मोजतं, म्हणून दोघांचं जुळत नाही.

झाकलेलं बघायला डिस्क काढायची गरज नाही. '/एमएनटी/मूळ' असा फोल्डर करा, 'माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ' चालवा आणि त्या वाटेने नकलेच्या फोल्डरात जा. तिथे शे-दीडशे जीबी सापडतील. पुसण्याआधी आरसिंकला '-एन' (फक्त दाखव, लिहू नको) आणि '--चेकसम' देऊन मूळ डिस्कशी ताडून बघा. फरक शून्य असेल तरच पुसा.

परत असं होऊ नये म्हणून: कंटेनर थांबवा, दोन्ही डिस्क अनमाउंट करा आणि रिकाम्या राहिलेल्या दोन्ही फोल्डरांवर 'सीएचअ‍ॅटर +आय' चालवा. आता डिस्क नसताना त्या फोल्डरात रूटलाही लिहिता येत नाही, आरसिंक तिथल्या तिथे ओरडेल. डिस्क माउंट झाली की तिच्यावर या कुलपाचा काही परिणाम नाही. घरी माउंट केलेली डिस्क असणाऱ्या प्रत्येकाने हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

पाच व्होल्ट

डिस्क गेलेल्या नाहीत. ५ आणि १९७ शून्य असताना फक्त जड कामात डिस्क गळते, म्हणजे ती उपाशी आहे.

हिशेब मांडू. यूएसबी ३ च्या एका पोर्टने ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर द्यायचे असा नियम आहे. तुमच्या हबला अडॅप्टर नाही, म्हणजे त्या ९०० मध्ये हबची चिप आणि दोन्ही डिस्क भागवायच्या. अडीच इंची डिस्क तबकड्या फिरवायला सुरुवात करते तेव्हा एकटीच ७०० ते १००० मिलिअँपिअर ओढते. फिरती झाली की लिहिता-वाचताना ब्रिज चिप (डिस्कच्या डब्यातली साटा-यूएसबी दुभाषी) धरून ४०० ते ६००. दिवसा एकच डिस्क जागी असते, भागतं. रात्री २ वाजता दुसरी झोपेतून उठते तो झटका बसतो, आणि तो पचला तरी दोन्ही एकदम राबायला लागल्या की ९०० ओलांडले जातात.

केबलचाही वाटा मोजा. केबलवर '२८ एडब्ल्यूजी' (तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) छापलं असेल तर त्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणजे एक मीटर केबलला ०.४२ ओहम. एक अँपिअर वाहिला की ०.४२ व्होल्ट केबलमध्येच गेले. डिस्कच्या तोंडाशी ४.५८ उरले. हबची स्वतःची केबल आणि सॉकेटचे सांधे वेगळेच. तेच '२४ एडब्ल्यूजी'ला ०.१७ व्होल्ट. म्हणून केबल ३० सेंटीमीटरची आणि जाड तारेची घ्या.

१९९ बद्दल मात्र गैरसमज काढून टाका. तो आकडा डिस्क आणि तिच्या समोरची साटा चिप यांच्यातल्या चुका मोजतो. पोर्टेबल डिस्कमध्ये ती चिप डब्याच्या आत असते. तुमच्या हातातली यूएसबी केबल त्या मोजणीच्या बाहेर आहे. ती कितीही खराब असली तरी १९९ शून्यच राहील. यूएसबीच्या बाजूचं दुखणं फक्त डीमेसेजमध्ये दिसतं.

आधी फुकटातली चाचणी करा. हब बाजूला ठेवा, दोन्ही डिस्क पीसीच्या मागच्या दोन वेगळ्या यूएसबी ३ पोर्टना थेट लावा. एका खिडकीत 'डीमेसेज -डब्ल्यू' उघडं ठेवा, दुसऱ्या दोन खिडक्यांत दोन्ही डिस्क डीडीने पूर्ण वाचून 'डेव्ह-नल'मध्ये सोडा, म्हणजे कुठेही न साठवता टाकून द्या. सरासरी १०० एमबी धरली तर २ टीबी वाचायला साडेपाच तास लागतात. अर्ध्या तासात एकही रीसेट दिसला नाही म्हणून थांबू नका. बाहेरच्या कडेला वेग जास्त आणि आत कमी असतो, आणि केबलचा सांधा तापल्यावरच बोलतो.

थेट पोर्टवरही रीसेट आले तर यूएएसकडे वळा. हा यूएसबीवरून एका वेळी अनेक आज्ञा रांगेत द्यायचा नवा शिरस्ता. काही ब्रिज चिपांना तो धड पेलत नाही. 'एलएसयूएसबी' मध्ये डिस्कचे दोन चार-चार अक्षरी क्रमांक मिळतील, विक्रेत्याचा आणि वस्तूचा. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये एक फाइल करून 'ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=' च्या पुढे विक्रेता:वस्तू:यू असं लिहा (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये). दोन डिस्क वेगळ्या बनावटीच्या असतील तर मध्ये स्वल्पविराम. मग 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' आणि रीबूट. 'एलएसयूएसबी -टी' मध्ये त्या डिस्कपुढे 'यूएएस' जाऊन 'यूएसबी-स्टोरेज' आलं तर काम झालं. फिरत्या डिस्कला वेगात फारसा फरक जाणवत नाही. एसएसडी असेल तर हा उपाय शेवटी करा, कारण ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवायची सोय) बंद पडू शकतं.

हा क्रम उलटा करू नका. बरेच जण आधी यूएएस बंद करतात. भार थोडा हलका होतो, रीसेट कमी होतात, रोग बरा झाला असं वाटतं, आणि महिन्याभराने पहिल्या मोठ्या कॉपीला डिस्क परत गळते.

हब ठेवायचाच असेल तर स्वतःच्या अडॅप्टरचा, १२ व्होल्ट २ अँपिअर किंवा ५ व्होल्ट ४ अँपिअर.

दापोलीकर

पाच व्होल्ट यांच्या शेवटच्या ओळीला एक पुरवणी: हबचा अडॅप्टर पीसीच्याच बॅकअपवर हवा. तो दुसऱ्या साध्या सॉकेटला असेल तर वीज जाताच हब बंद, डिस्क गायब, आणि पीसी मात्र चालू. ही अवस्था पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट. डॉकरमधले कंटेनर मेलेल्या माउंटला धरून बसतात, आणि डिस्क नव्या नावाने परत आली तरी त्यांना ती दिसत नाही. अशा वेळी कंटेनर थांबवून, अनमाउंट-माउंट करून मगच सुरू करायचे.

इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'इको' किंवा 'नॉर्मल' असा एक स्विच असतो. बहुतेक घरी तो 'इको'वर असतो, कारण त्यात बाहेरची वीज साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंत तशीच पुढे जाते आणि बॅटरी कमी वापरली जाते. यूपीएस मोडमध्ये ही मर्यादा सहसा १८० ते २६० अशी आवळलेली असते आणि बदलीचा वेळही कमी असतो, १० ते २० मिलिसेकंदांच्या घरात. संगणकासाठी यूपीएस मोडच हवा. संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या खाली जात असेल तर इन्व्हर्टर सारखा लागेल आणि बॅटरी झिजेल, हे मात्र खरं. तिथे सर्व्हरपुरता छोटा यूपीएस घेणं परवडतं.

कधी पीसी टिकतो, कधी नाही, यामागे अडॅप्टरचं वय असू शकतं. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर पीसी ते काही मिलिसेकंद काढतो. ६५ वॉटच्या अडॅप्टरवर १५ वॉटचा भार असेल तर तो साठा बराच वेळ पुरायला हवा. पाच-सहा वर्षं ऑफिसात अहोरात्र तापलेल्या अडॅप्टरचा कपॅसिटर सुकलेला असतो, आणि रीस्टार्ट नेमका पीसी कामात असताना, म्हणजे ३०-४० वॉटवर असताना होतो. तितक्याच व्होल्टचा आणि त्याच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघा.

चौथ्या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या असतील.

पहिली, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला तर बदला, ३०-४० रुपयांचं काम आहे. सेल मेला असेल तर वीज पूर्ण जाताच बायोस मूळ पदावर येतं आणि 'पॉवर ऑन'चं तुमचं सेटिंग पुसलं जातं. ओळखायची खूण सोपी: अशा वेळी घड्याळही मागे गेलेलं असतं, आणि नेटवरून वेळ जुळेपर्यंत सगळ्या साइट्सच्या सर्टिफिकेटच्या चुका येतात.

दुसरी गोष्ट पुढे यूपीएस आणि आपोआप शटडाउन लावाल तेव्हा भेटेल. वीज गेली, सर्व्हर नीट बंद झाला, पण यूपीएस पूर्ण उतरायच्या आत वीज परत आली. पीसीच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, म्हणून 'आफ्टर पॉवर लॉस' लागू होत नाही आणि तो बंदच राहतो. नेटवर्क यूपीएस टूल्समध्ये यावर 'किलपॉवर' आहे: शटडाउनच्या शेवटी यूपीएसलाच आपलं आउटपुट तोडायला सांगायचं, वीज आल्यावर तो परत चालू करतो आणि पीसी उठतो. घेण्याआधी यूपीएसच्या मागे यूएसबी किंवा डेटा पोर्ट आहे याची खात्री करा. ६०० व्हीएच्या स्वस्त मॉडेलांना बहुधा तो नसतो, आणि मग सर्व्हरला वीज गेल्याचं कळायला मार्ग नाही.

यूपीएस इन्व्हर्टरच्या मागे लावायचा तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हची वीज यूपीएस वीज म्हणून मान्य करत नाही आणि बॅटरीवर जातो, मग वीज असून नसल्यासारखी.

फक्त इन्व्हर्टरवरच राहायचं असेल तर एक जुनी युक्ती अजून चालते. पडून असलेला जुना राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर नसलेल्या सॉकेटला लावा आणि लॅन केबलने नेटवर्कला जोडा. सर्व्हरने त्याला दर मिनिटाला पिंग करायचं. सलग १५ वेळा उत्तर नाही म्हणजे वीज नाही. लगेच बंद करायची गरज नसते. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १८०० वॉट-तास, त्यातले निम्मे हाताशी धरा. दिवे-पंखे मिळून १५० वॉट असतील तर सहा तास. तेव्हा चार तासांनंतर सर्व्हर बंद करा, पण साध्या शटडाउनऐवजी 'आरटीसीवेक -एम ऑफ -एस १०८००' ने. तीन तासांनी तो स्वतः उठतो, पिंग बघतो, वीज नसेल तर परत झोपतो.

कोकणात हे सगळं जास्तच मनावर घ्यावं लागतं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी कुठलाही इन्व्हर्टर पुरत नाही, सर्व्हर वेळेत नीट बंद होणं एवढंच आपल्या हातात असतं.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. पोर्टेबल डिस्कचं ते रुंद, चपटं सॉकेट दमट हवेत काळवंडतं, आणि डिस्क हलली की संपर्क तुटतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेला खोडरबर चालतो, पण सॉकेटच्या आत नको, रबराचा चुरा आतच अडकतो. आणि डिस्क फडक्यावर किंवा रबरी पायांवर आडवी ठेवा, केबलच्या वजनावर लोंबकळत ठेवू नका.

बिनचूक बॅकअप

वर सुटलेलं एकच. दोन्ही डिस्क दुकानातून आल्या तशाच एक्सफॅटमध्ये आहेत का? असतील तर ईएक्सटी४ करा. एक्सफॅटला जर्नल (बदल आधी टिपून ठेवणारी वही) नाही, लिहिता लिहिता वीज गेली की फोल्डरची यादीच बिघडू शकते, शिवाय लिनक्सच्या परवानग्या त्यावर टिकत नाहीत. आधी नक्कल करा, ताडा, मग एकेक डिस्क फॉरमॅट करा.

आणि त्या रात्रीच्या नकलेला बॅकअप म्हणू नका. दोन्ही डिस्क एकाच हबवर, एकाच लाइनवर, एकाच खोलीत. चुकून पुसलेला फोटो रात्री २ वाजता नकलेतूनही पुसला जातो. रेस्टिकसारखं काही वापरा, ज्यात ७ दिवसांच्या, ४ आठवड्यांच्या, १२ महिन्यांच्या प्रती राहतात आणि बदललेलाच भाग साठवला जातो. तिसरी डिस्क घेऊन महिन्यातून एकदा जोडा, भरा, काढून दुसऱ्या घरी ठेवा. इमिचचा डेटाबेस नुसत्या फाइल कॉपी करून घेऊ नका, चालू असताना घेतलेली कॉपी अर्धवट असते. त्याचा डम्प (डेटाबेसने स्वतः काढून दिलेली पूर्ण प्रत) काढा आणि तो डम्प बॅकअपमध्ये टाका. इमिच रोजचा डम्प स्वतःही काढतं, तो कुठल्या फोल्डरात पडतो ते बघून तोच उचलला तरी चालेल.

सह्यकडा

क्रॉन बंद केला. '--डिलीट' होतंच. एफएसटॅब यूयूआयडीवर नेला.

बाइंड माउंटने बघितलं: नकलेच्या फोल्डराखाली १७१ जीबी. चेकसमने ताडून फरक शून्य आला, मग पुसलं आणि दोन्ही फोल्डरांना +आय लावलं. डिस्क काढून आरसिंक चालवून बघितलं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणून थांबतं.

हब काढून दोन्ही डिस्क थेट मागच्या पोर्टना. डीडी दोन्हींवर शेवटपर्यंत गेलं. एका डिस्कला एकही रीसेट नाही. दुसरीला चार तासांनंतर दोन रीसेट आले. हिची केबल एक मीटरची, २८ एडब्ल्यूजी छापलेली आहे.

सेल २.४१ व्होल्ट. इन्व्हर्टर 'इको'वर होता, यूपीएस मोडवर घेतला.

दुसऱ्या डिस्कसाठी आता केबल बदलू की यूएएस बंद करू?

पाच व्होल्ट

केबल. आणि नवी आणण्याआधी दोन्ही डिस्कच्या केबल आपसांत बदलून तीच चाचणी परत लावा. रीसेट केबलबरोबर दुसऱ्या डिस्कवर गेले तर केबल दोषी. त्याच डिस्कवर राहिले तर तिचं सॉकेट पुसून परत बघा, आणि मगच यूएएस. दोन्ही गोष्टी एकदम केल्या तर नेमकं कशाने थांबलं ते कळणार नाही. चाचणी चालू असताना स्मार्टमधलं १९४, म्हणजे तापमान, अधूनमधून बघत जा. ५० अंशांच्या वर जात असेल तर दोन डिस्कमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा.